महानंदाबाई, तुमचा भोंग्यावरचा वर्ग

बाई, तुम्हाला समाधी देऊन आम्ही घरी परत आलो आणि मी पहिलं जे काम केलं ते चुकीचं केलं. पायरीखाली उभा राहून पाय धुवायला पाणी मागितलं. तुमच्या लेकीनं, विद्यानं, चहाचा कप पुढं केला तर हात मागं घेतला. "नको बाळ, आज तुमच्या घरी..." म्हणालो आणि पुढचा शब्द गिळला. रडून रडून विद्याचे डोळे सुजले होते, पण तेवढ्यातही ती हसली.

"सर, आत या की. आमच्यात सूतक नसतंय. आईनं तुम्हाला शिकवलं नव्हतं काय?"

शिकवलं होतं. मला एकट्याला नाही, अख्ख्या गावाला शिकवलं होतं, तेही मठाच्या भोंग्यावरून. आणि तो भोंगा लावायची अक्कल माझी होती.

मग आत जाऊन चहा प्यालो. तुमच्या घरच्या पद्धतीनं साखर जास्तच होती. भिंतीवर तुमचा फोटो अजून लागायचा होता. खिळा ठोकायचं काम मी मागून घेतलं आणि खिळा वाकवला. जावईबापूंनी हातातून हातोडी काढून घेतली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सर, साकु आता." साकु म्हणजे पुरे. तुमच्या कानडीतला मला पहिल्यांदा कळलेला आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागलेला शब्द.

शोकसभेत तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं जाईल. आदर्श शिक्षिका, शिस्तप्रिय, मितभाषी वगैरे. मितभाषी ऐकून मी मागच्या रांगेत हसणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. पण मला तिथं बोलायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि बोलायची पाळी माझी होती.

मी करमाळ्याजवळच्या केमकडचा माणूस, तोंडात हाय-न्हाय घेऊन अक्कलकोटकडच्या त्या गावात मुख्याध्यापक म्हणून आलो. अर्धं गाव कानडीत भांडायचं आणि मराठीत समेट करायचं. तुम्ही तिथल्या लिंगायत जंगमांची सून, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. मला वाटलं, चला, एक तरी बाई देवभोळ्या आणि निरुपद्रवी आहेत. आठवडाभरातच तुम्ही ऑफिसात आलात आणि विज्ञानाचं पुस्तक माझ्या टेबलावर उघडून ठेवलंत.

"सर, हा एक धडा दरवर्षी कोण खातंय, ते शोधायचंय."

प्रजननाचा धडा. आमच्याकडं रीतच होती. शिक्षक फळ्यावर धड्याचं नाव लिहायचे, खाली "घरी वाचणे" असं लिहायचे आणि पुढच्या धड्याकडं जायचे.

"घरी वाचतील की मुलं," मी म्हणालो.

"घरी वाचला तर मार बसतोय, सर."

तुम्हाला नुसता धडा नको होता. सातवीपासूनच्या पोरींना पाळी म्हणजे काय ते सांगायचं होतं, पोरांनाही सांगायचं होतं, अंगाला कुणी हात लावावा आणि कुणी नाही, लावला तर कुणाला सांगायचं, हे सगळं. गावात पाळी सुरू झाली की पोरी शाळेतून गळायच्या. त्या वर्षी वर्गातली आणखी एक मुलगी गळायच्या बेतात होती. हे सगळं तुम्ही मला इतकं सरळ सांगितलंत की मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मी मराठीचा मास्तर, शब्दांवर पोट भरलेला, आणि तुमच्या एका वाक्यातले निम्मे शब्द मला उच्चारता येत नव्हते.

"बाई, जरा हळू घेऊ."

"हळूच सांगते की. पण सांगते."

मग मी सूचना लिहायला बसलो. "लैंगिक शिक्षण" हे काही लेखणीतून उतरेना. "आरोग्य वर्ग" लिहिलं तर गाव गुडघेदुखीची औषधं मागायला येणार. शेवटी मला एक नाव सुचलं आणि स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूष झालो की दुसरा चहा मागवला. मी लिहिलं, "संस्कार वर्ग".

गावातल्या सूचना मठाच्या भोंग्यावरून होत. मी जाऊन पुजाऱ्याला सांगितलं, उद्या दुपारी शाळेच्या सभागृहात संस्कार वर्ग आहे, मातापालकांनी यावं. सभागृहाची जागाही मठाचीच.

"प्रवचन कुणाचं?" त्यानं विचारलं.

"आमच्या हिरेमठबाईंचं." मी प्रवचन हा शब्द दुरुस्त केला नाही. म्हटलं, तेवढीच चार माणसं जास्त येतील.

चार नाही, गाव आलं. आज्ज्या पुढच्या रांगेत, हातात नारळ. मठाचे विश्वस्त शिवशरणअण्णा हार घेऊन. आणि मठाचे थकलेले स्वामी, ज्यांना गाव अप्पाजी म्हणायचं, त्यांना लोकांनी खुर्चीत बसवून उचलून आणलेलं. प्रवचन म्हटल्यावर माईक हवाच, म्हणून पुजाऱ्यानं मठाचा सगळा संच सभागृहात आणून जोडला. भोंगा मात्र मठाच्या छतावरच राहिला, गावाकडं तोंड करून. मी पुजाऱ्याचे जाहीर आभार मानले.

तुम्ही काखेत तक्ते घेऊन दारात आलात आणि थबकलात.

"सर, हे काय केलंत?"

"बाई, आज आईवडिलांची सेवा वगैरे काहीतरी बोला. आपला वर्ग पुढच्या आठवड्यात घेऊ."

तुम्ही मागच्या रांगेकडं बघितलंत. पोरी बसल्या होत्या. ती गळायच्या बेतातली मुलगीही आली होती, प्रवचन म्हणून घरच्यांनीच तिला आणलेलं.

"ही पुढच्या आठवड्यात येणार नाही, सर," तुम्ही म्हणालात, आणि अण्णांनी आणलेला हार खुंटीवरून काढून त्या खुंटीला तक्ता लावलात.

"शरणु शरणार्थी" असा नमस्कार करून तुम्ही सुरुवात केलीत. "आज मी आपल्या शरीराबद्दल बोलणार आहे." आज्ज्यांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं, आता काया नश्वर आहे वगैरे येणार. एक आज्जी तर "खरं हाय गं माय" म्हणाली. तेवढ्यात तुम्ही "मासिक पाळी" म्हणालात आणि सगळ्या माना आहे तिथंच थांबल्या. मग "गर्भाशय" आला. छतावरचा भोंगा इमानदारीनं प्रत्येक शब्द गावभर पोचवत होता. स्टँडवरच्या चहावाल्यानं म्हणे गाळणी हातात तशीच धरली आणि चहा सगळा खाली गेला.

अण्णा उठले.

"बाई, माईक बंद करा! मठाच्या जागेत हे असलं चालायचं नाही. पोरांना बिघडवायला निघालात की धर्म बुडवायला? आणि तुम्ही जंगमांच्या सून!"

"अण्णा, ऐकून तर घ्या."

"काय ऐकायचं? उद्यापासून हा वर्ग बंद. न्हाय तर सभागृहाला कुलूप. हेडसर, तुमी सांगा ह्यांना."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी समोरचा पेला उचलला आणि पाणी प्यालो. मग शेजारच्या पाहुण्याचाही पेला उचलला आणि तेही प्यालो. मुख्याध्यापक म्हणून त्या दिवशी माझं योगदान एवढंच.

तुम्ही अण्णांना वळसा घातलात. माईक घेऊन अप्पाजींच्या खुर्चीपाशी गेलात आणि खाली बसलात.

"अप्पाजी, एक विचारू? गळ्यात लिंग असलेल्या बाईला पाळीचा विटाळ असतो काय?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेलं होतं, आणि बहुतेक सगळ्यांनी ते मठातच ठेवून घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं वागायला सुरुवात केलेली होती. अप्पाजींनी शाल सारखी केली. डोळे मिटले. मला तर वाटलं झोपले.

"इल्ल," ते म्हणाले. नाही. "जन्माचं नाही, मरणाचं नाही, पाळीचं नाही. आपल्यात सूतक नाही." मग अण्णांकडं वळले. "शिवशरण, तुझ्या घरात पोरी चार दिवस मागच्या पडवीत बसतात म्हणे. कुणाचा धर्म पाळतोस? ज्या अंगावर लिंग बांधायचं, त्या अंगाचं नाव घ्यायला लाज कसली? खाली बस. पोरींना ऐकू दे."

हेसुद्धा भोंग्यावरून गेलं, पडवीसकट. अण्णा खाली बसले आणि तुम्ही दुसरा तक्ता लावलात.

बाई, त्यानंतर वर्षानुवर्षं मी ही गोष्ट सांगत आलोय. लग्नात, सेवापूर्तीच्या समारंभात, एसटीत अनोळखी माणसाला. सांगताना माझी छाती अशी फुगते जणू तक्ते मीच लावले होते. "ह्या बाई माझ्या शाळेतल्या," असं मी म्हणायचो. खरं तर ती शाळा तुमची होती. मी तिथला एक कर्मचारी, पाणी पिणारा.

पोरांचा वर्ग तुम्ही माझ्यावर सोपवलात, तेही आठवतं. मी जास्वंदीचं फूल घेऊन गेलो. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण, फुलपाखरू. तासभर जास्वंद. शेवटी मागच्या बाकावरनं एक जण उठला, "सर, फुलाचं समजलं. आता माणसाचं सांगा की." घंटा झाली नव्हती तरी मी ती वाजवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः पोरांच्या वर्गात गेलात. आतून हसण्याचे आवाज आले, मग प्रश्न. मी व्हरांड्यात उभा राहून ऐकलं. माझ्या वयाच्या माणसाला पहिल्यांदा कळलेल्या गोष्टी त्यात होत्या, पण त्या कुठल्या ते विचारू नका.

आणि मग पुढच्या महिन्यात एक मुलगी तुमच्याकडं आली. तिनं काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. तुम्हीही मला सगळं सांगितलं नव्हतंत. एवढंच सांगितलंत की माणूस गावातला आहे, देवळात सगळ्यात मोठ्यानं आरती म्हणणारा आहे, आणि पोरीनं अंगाची नावं घेऊन, न अडखळता सांगितलं. तुम्ही तिच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेलात आणि तक्रार लिहून होईपर्यंत तिथून हलला नाहीत. आज ती मुलगी शिकून मोठी झालीय, नोकरी करते. तुमच्या समाधीला आली होती. माती देताना तिचा हात थरथरत नव्हता. मी बघत होतो.

आता भांडणाचं.

भोंग्याच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन मी तुमच्यासमोर बसलो. "बाई, जिंकलो!" मला वाटलं, तुम्ही खूष असाल. तुम्ही भाकरी मोडत राहिलात.

"सर, अप्पाजी 'असतो' म्हणाले असते तर?"

"म्हणाले नाहीत ना."

"म्हणाले असते तर पोरींनी पाळी थांबवायची काय?"

मला हसू आलं, तुम्हाला आलं नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्या धर्मात सूतक नाही म्हणून ह्या पोरींना कळलं. पलीकडच्या गल्लीतल्या पोरींच्या धर्मात असेल. त्यांना कुणी सांगायचं? मी काल परवानगी मागितली, सर. मागायला नको होती."

मी म्हटलं, जे हाताशी आहे ते वापरावं. लोकांना त्यांच्याच स्वामीच्या हातून दिलं की घेतात, आपल्या हातून दिलं तर कुलूप लावतात. तुम्ही म्हणालात, कुलूप लावलं असतं तर लिंबाखाली घेतला असता वर्ग.

"लिंबाखाली भोंगा नसता!"

"भोंगा तुमची चूक होती, सर. तिचं श्रेय घेऊ नका."

हे भांडण आपण किती ठिकाणी केलं. परीक्षेच्या गठ्ठ्यांवर, अक्कलकोट स्टँडवर, तुमच्या सेवापूर्तीला हारतुरे गळ्यात असताना, आणि मी सोलापुरात राहायला आल्यावर फोनवर. मला एक गोष्ट शेवटपर्यंत उमगली नाही. देवाला न मानणारा असं बोलला असता तर मी समजू शकलो असतो. तुम्ही तर रोज पूजा करणाऱ्या. एकदा तसं विचारलंही. तुम्ही म्हणालात, "पूजा माझी आहे, सर. पोरी सगळ्यांच्या आहेत." मी त्यावर काहीतरी हुशारीचं बोललो असणार. काय ते आठवत नाही, म्हणजे ते हुशारीचं नसणार.

शेवटचं भांडण दवाखान्यात झालं. मी आलो होतो ते तुमची चौकशी करायला, आणि करत बसलो माझी रडकथा. उजनीच्या पाण्याकाठी, केमजवळच्या माझ्या गावच्या शाळेत नव्या मुख्याध्यापिकेनं मला बोलावलं होतं, मोठ्या पोरींसाठी असा वर्ग घ्यायला. बातमी फुटली आणि देवस्थान समितीनं विरोध केला. समितीचा अध्यक्ष तात्या, माझा लहानपणचा सोबती. आम्ही दोघांनी मिळून केळी चोरलेली आहेत.

"बाई, तिकडं कुणी लिंगायत नाही. अप्पाजी नाहीत. तात्याला दाखवायला एखादा आधार सांगा ना. कुठलंतरी पुराण, कुठलीतरी देवी."

तुम्ही तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढलात. विद्या ओरडली, तिच्याकडं लक्ष दिलं नाहीत.

"आधार नाही, सर."

"असं कसं?"

"नाही म्हणजे नाही. तिथं तसंच उभं राहायचं."

"बाई, तुमचं तरी कुठं तसंच उभं राहणं झालं? तुम्हाला अप्पाजी होते." हे मी बोललो, आजारी माणसाला. आणि तुम्ही चक्क हसलात.

"तेच तर सांगतेय इतकी वर्षं. साकु. जाऊन या, मग भांडू."

मी म्हटलं, उत्तर घेऊन रविवारी येतो. तुम्ही थांबला नाहीत.

तर बाई, उत्तर.

परवा गेलो. केमला गाडीतून उतरलो, तिथून भाच्याच्या मोटारसायकलवर. वाटेत पाण्याच्या कडेनं उपशाच्या मोटारी धडधडत होत्या आणि मी मनात जुळवाजुळव करत होतो. करमाळ्याची देवी तात्याचं श्रद्धास्थान. देवी म्हणजे आई, आई म्हणजे गर्भ, म्हणून गर्भ पवित्र, असा एक छानसा पूल मी बांधून ठेवला होता. मास्तरकी तीस वर्षं केलेल्या माणसाला असले पूल बांधायला वेळ लागत नाही.

वर्गाच्या दारातच तात्या उभा. टोपी, उपरणं, आणि मागं समितीची दोन माणसं.

"या हेडमास्तर. म्हातारपणी ही कसली घाण शिकवाया आलायस?"

"राम राम तर घाल आधी."

"राम राम. समूर देऊळ हाय, दिसतंय का?"

"दिसतंय की."

"आपल्या धरमात हाय का असलं कुटं? दाव मला."

पूल तयार होता, बाई. जिभेवर होता. देवीचं नाव घेतलं असतं तर तात्यानं हात जोडले असते आणि मी आत गेलो असतो. तात्याच्या खांद्यावरून मला वर्गातल्या पोरी दिसत होत्या. त्या आमच्याकडं बघत होत्या, आम्ही दोघं म्हातारे त्यांच्याविषयी काय ठरवतोय ते. आणि मला तुमची भाकरी मोडणारी बोटं आठवली.

"तात्या," मी म्हणालो, "धरमात हाय का न्हाय, मला ठाव न्हाय. मी त्ये ईचाराया आलोच न्हाय. ह्या पोरींना सांगाया आलोय."

"माजी नात हाय आत!"

"म्हून तर आलोय."

तात्याला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. मी सवयीनं हात पुढं केला, पण पाण्याचा पेला कुठंच नव्हता. समितीची दोन माणसं तरातरा निघून गेली, जाताना दोघीतिघींना हाताला धरून उठवून घेऊन गेली. ते मला थांबवता आलं नाही. तात्यानं नातीकडं बघितलं. ती जागची हलली नाही. मग तो बाहेर गेला आणि व्हरांड्याच्या पायरीवर आमच्याकडं पाठ करून बसला. वर उपरणं कानांवरून घेतलं.

मी सुरुवात केली. भोंगा नाही, फूल नाही. पाळी म्हटलं, गर्भाशय म्हटलं, जे जे खिडकीबाहेर बघत ऐकलं होतं ते सगळं पोरींकडं बघत म्हटलं. आवाज चिरकला, दोघीजणी हसल्या, मीही हसलो. मग तुमच्या तिसऱ्या तक्त्यावर आलो. "घरातला असो, गावातला असो, देवळातला असो, कुणी नकोसा हात लावला तर..."

आणि तिथं अडकलो. लाजेनं नाही. समाधीपाशी माती देणारा तो न थरथरणारा हात डोळ्यांपुढं आला आणि पुढचं वाक्य निसटलं. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

पायरीवरून आवाज आला. पाठ तशीच होती, मान वळली नव्हती.

"तर काय करायचं? सांग की फुडं."

तात्या मला अडकवायला म्हणाला की त्याला ऐकायचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलंही नाही. मी सांगितलं, बाई. सगळं सांगितलं.